गुरुवारचा कॅन

"बाबा, इथं सही करा," म्हणत पीरमहंमदने हजेरीचा कागद गहिनीनाथपुढे सरकवला. "आणि ह्या रकान्यात पद लिहा."

गहिनीनाथ गर्जे चष्मा पुसून कागदाकडे बघत राहिला. वरच्या ओळींत सगळीकडे प्राध्यापक, विद्यार्थी, विद्यार्थी, प्राध्यापक. आपलं पद कोणतं म्हणायचं? साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत सांडपाण्याच्या पंपावर बावीस वर्षं काढली, त्याला काय कुणी पद म्हणत नाही. त्यातून रिटायर होऊनही तीन वर्षं झालेली.

"पालक लिहा की," पीरमहंमदने सुचवलं.

"आवं, पालक कसला! पोराच्या कानशिलावरचं केस पांढरं झालं," गहिनीनाथ हसला. पण मोठ्या झोकात त्याने 'पालक' लिहिलं आणि खाली एक रेघही ओढली.

पोरगा समोर उभा होता. वाल्मिक. नगरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मास्तर, राहायला सावेडीत, वय एक्केचाळीस. आज विद्यापीठाच्या केमिकल इंजिनिअरिंग विभागात त्याचा शेवटचा सेमिनार होता. नोकरी सांभाळून पीएच.डी. करायची म्हणजे काय हाल असतात ते ज्याने केलं त्यालाच माहीत. आठ वर्षं झाली होती. मुदत दोनदा वाढवून घेतली होती, आता तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. आज कमिटीपुढे उभं राहायचं, केलेलं काम सांगायचं, प्रश्नांना तोंड द्यायचं. कमिटीने मान हलवली की जूनच्या आत प्रबंध जमा. नाही हलवली तर आठ वर्षं पाण्यात. हे सगळं वाल्मिकने सकाळी येताना बापाला समजावून सांगितलं होतं, आणि बाप म्हणाला होता, "हालवत्यात की मान. त्यास्नी काय मानेला लचक भरली हाय का?"

पीरमहंमद या विभागाच्या प्रयोगशाळेतला जुना अटेंडंट. भिंगारहून यायचा. तीस वर्षांत त्याने एवढे सेमिनार ऐकले होते की बोलणारा किती वेळा पाणी पितो यावरून तो निकाल सांगत असे, आणि त्याचा निकाल सहसा चुकत नसे. इंग्रजीही त्याला ऐकून ऐकून कळायला लागलं होतं. तो गहिनीनाथशेजारच्या खुर्चीत येऊन बसला तेव्हा गहिनीनाथला फार बरं वाटलं. एवढ्या शिकलेल्या माणसांत आपल्याशी बोलणारं कुणीतरी पाहिजेच ना!

विभागप्रमुख काकासाहेब म्हस्के पुढच्या रांगेत बसले होते. वाल्मिकचे गाईडही तेच. माणूस वाईट नव्हता, पण शिस्तीचा भलता कडक. दर शुक्रवारी दुपारी तीनला सेमिनार, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने एक तरी प्रश्न विचारायचा म्हणजे विचारायचाच. नुसता बसून राहिला तर त्याची हजेरी लागत नसे. पोरं आदल्या दिवशी प्रश्न पाठ करून यायची. म्हस्के सरांच्या शेजारी पुण्याहून आलेले परीक्षक होते, आणि त्यांच्यापुढे वाल्मिकच्या प्रबंधाची जाडजूड कच्ची प्रत.

वाल्मिक इंग्रजीतून बोलू लागला. गहिनीनाथला त्यातलं अक्षर कळत नव्हतं आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं. आपलं पोरगं बोलतंय आणि कोट घातलेली माणसं ऐकून घेताहेत, यातच त्याचं पोट भरलं होतं. मग पडद्यावर ठिपक्यांचं एक चित्र आलं.

"हे काय हाय?" त्याने हळूच विचारलं.

"मळीच्या पाण्याचे नमुने. तुम्हीच पाठवायचात ना कॅन? त्यातला एकेक कॅन म्हणजे एकेक ठिपका."

"एक कॅन, एक ठिपका?"

"बस. तुमचीच मेहनत आहे बाबा ती."

गहिनीनाथ खुर्चीत पुढे सरकला आणि ठिपके मोजू लागला. चाळिसापर्यंत पोचला तोच वाल्मिकने चित्र बदललं. "आरं थांब की लेका," तो पुटपुटला. बरं वाटलं होतं बघायला.

तीन वर्षं, दर गुरुवारी एक, असे एकशे छप्पन्न कॅन. गुरुवारी वाल्मिकचे कॉलेजात तास असायचे आणि कारखाना तर ऐंशी किलोमीटर लांब. मग पंपावर बाप असताना आणखी कुणाला सांगायचं? वाल्मिकने पहिल्या वेळी येऊन दाखवलं होतं: टाकीत कॅन बुडवायचा, काठोकाठ भरायचा, झाकण घट्ट लावायचं, वर तारीख लिहायची. त्या काळ्या, उग्र वासाच्या पाण्याला बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या राखेने स्वच्छ करायचं, असा त्याचा अभ्यास होता. काचेच्या उभ्या नळीत राख भरायची आणि वरून पाणी सोडायचं. कारखान्याच्याच राखेने कारखान्याचंच पाणी धुऊन निघालं तर केवढं काम होईल, असं तो बोलायला लागला की गहिनीनाथची छाती फुगायची. सकाळच्या नगर गाडीच्या कंडक्टरच्या हवाली तो कॅन करायचा आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत उभा राहायचा. तारकपूर स्टँडवर वाल्मिक उतरवून घ्यायचा.

फक्त एक गोष्ट वाल्मिकने सांगितली नव्हती, आणि सांगायचं कुणाला सुचलंही नसतं. गर्जे मूळचे पाथर्डीकडचे. ऊसतोडीला आले आणि कारखान्यावरच राहिले. त्यांच्या गावात निम्मं वर्ष टँकरचं पाणी. फडक्याने गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब भांड्यात जायचा नाही. ज्या बाईच्या हंड्याला फडकं नाही ती बाई आळशी, असा सरळ हिशेब. ती सवय अंगात मुरलेली. गहिनीनाथने पहिला कॅन घरी आणला आणि कडूबाईने आत डोकावून नाक मुरडलं. चिपाडाचे तुकडे, फेस, तळाशी काळा राब, गाळच तो. "आसलं घान पानी इद्यापीठात धाडनार? पोराला काय म्हनत्याल तिथली लोकं?" नवऱ्यालाही ते पटलं. कडूबाईने जुन्या लुगड्याचं फडकं काढलं, त्याची चौपदरी घडी केली, आणि दोघांनी मिळून कॅन गाळून दुसऱ्या कॅनमध्ये भरला. त्यानंतर दर गुरुवारी तेच. फडकं सोड्याने धुवायलाच तिचा तास जायचा. वास अख्ख्या चाळीत सुटायचा आणि शेजारणी ओरडायच्या. कडूबाई म्हणायची, "माझ्या पोराच्या डाक्टरकीचा वास हाय त्यो. नाकं धरा न्हाईतर घरात बसा."

सेमिनार रंगात आला होता. पुण्याच्या परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले, वाल्मिकने दोन्हीची धडाधड उत्तरं दिली. पीरमहंमदने गहिनीनाथला कोपर मारलं. "अर्धाच ग्लास प्यायला अजून. निघाली गाडी तुमची."

"आसं म्हनता?"

"लिहून घ्या. आता पोरांचे प्रश्न. ते काय, हजेरीपुरते असतात."

पोरांनी पाठ केलेले प्रश्न विचारले. कुणी राखेचं विचारलं, कुणी खर्चाचं. सगळ्यांत शेवटी एक मुलगी राहिली. आरती तिचं नाव. एम.टेक.ची विद्यार्थिनी, वाल्मिकचंच काम पुढे न्यायला म्हस्के सरांनी तिला दिलं होतं. ती मान खाली घालून बसली होती. म्हस्के सर वळून म्हणाले, "आरती, हजेरी नको का?" तेव्हा कुठे ती उठली. वहीत बघत, चाचरत, इंग्रजीतून तिने काहीतरी विचारलं.

वाल्मिकने उत्तर दिलं. ती म्हणाली, नाही सर. त्याने दुसरं सांगितलं. ती पुन्हा, नाही सर, तेही तसंच केलं होतं. तिसऱ्यांदा वाल्मिकने ग्लास उचलला आणि सगळा संपवला.

"काय म्हनती ती?" गहिनीनाथने विचारलं.

पीरमहंमद आता तितकासा हसत नव्हता. "ती म्हणते, तुमच्या मुलाची नळी आठ-आठ तास चालली, असं प्रबंधात लिहिलंय. हिची चाळीस मिनिटांत तुंबते. पाणी त्याच टाकीचं, राख तीच, नळी तीच. मग हिचीच का तुंबते?"

म्हस्के सरांनी पेन खाली ठेवलं होतं. पुण्याचे परीक्षक मागची पानं चाळत होते. एका पानावर ते थांबले आणि त्यांनी बोट ठेवून म्हस्के सरांना काही दाखवलं. म्हस्के सर म्हणाले, "वाल्मिक, सॅम्पलिंग कोणी केलं होतं?"

"माय फादर, सर," वाल्मिक म्हणाला. "ते मागे बसलेत."

अख्खा हॉल वळून गहिनीनाथकडे बघू लागला. 'फादर' त्याला कळलं. पोराला कोंडीत धरलंय हे तर त्याला शब्दावाचूनच कळलं होतं, कपाळावर घाम दिसत होता की! आणि गंमत म्हणजे या सगळ्या शिकलेल्या लोकांना जे सुटत नव्हतं, त्याचं उत्तर त्याला माहीत होतं. त्याच्या जिवाला एवढं हलकं वाटलं म्हणता! तो उठला, टोपी सारखी केली आणि हात जोडले.

"नमस्कार. म्या गहिनीनाथ गर्जे, ह्येचा बाप. पोरी, तुजी नळी का तुंबती त्ये म्या सांगतो. तू पानी टाकीतनं तसंच आनलं आसशील. तसं न्हाई आनायचं बाई. गाळून घ्यायचं. आमी एकूनएक कॅन गाळून दिलाय. लुगड्याचं फडकं, त्येची चार पदरी घडी. चिपाड न्हाई, राब न्हाई, काय न्हाई. मंग कशाला तुंबंल?"

हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

म्हस्के सर उठून उभे राहिले. "काका, सगळे कॅन गाळले? तिन्ही वर्षं?"

"सगळं साहेब. पावसापान्यात, दिवाळीत, मंडळी तापानं फनफनली हुती तवाबी. एक कॅन बिगर गाळल्याला निघाला तर मिशी भादरून ठिवीन."

"वाल्मिकला सांगितलं होतं तुम्ही?"

"त्येला काय सांगायचं? चांगलं काम सांगून करत्यात व्हय?"

तो खाली बसला. त्याला वाटलं, आता टाळ्या वाजतील. सेमिनारला टाळ्या वाजतात असं पोराने सांगितलं होतं. पण कुणी हात हलवेना. आरती उभीच होती, वही छातीशी धरून. वाल्मिक बापाकडे बघत होता. रागाने बघितलं असतं तर परवडलं असतं. तो नुसता बघत होता, लहानपणी तापात बघायचा तसा. मग परीक्षकांकडे वळून तो हळूहळू, एकेक शब्द सुटा करून इंग्रजीत बोलला. फार नाही, चार-पाच वाक्यं.

"काय म्हनला?"

पीरमहंमदने या वेळी अर्थ सांगितला नाही. "चहा बघतो मी," म्हणाला आणि उठून गेला.

पोरांना बाहेर काढलं. कमिटी आणि वाल्मिक आत, दार बंद. गहिनीनाथ व्हरांड्यातल्या बाकावर बसला. पोरं त्याच्याकडे न बघता जिना उतरून गेली. आरती तेवढी मागे राहिली. जवळ येऊन ती एकदम वाकून त्याच्या पाया पडली आणि तिला रडूच फुटलं.

"आजोबा, मला माहीत असतं तर मी नसतं हो विचारलं. दुसरा प्रश्न होता माझ्याकडे. हजेरीसाठी विचारायचा होता नुसता."

"आगं, रडायला काय झालं? बस हितं. माजं काय चुकलं का?"

ती बाकाच्या कडेवर बसली.

"पोरी, म्या बावीस वर्षं पंपावर काडली. इंग्रजी येत न्हाई, पन पानी कळतंय मला. सांग."

आरतीने डोळे पुसले. "आजोबा, पाण्यातला गाळ राखेने किती निघतो, तेच तर बघायचं होतं. वाल्मिक सरांनी नळीत पाणी सोडलं तेव्हा त्यात गाळ नव्हताच. तो आधीच निघालेला होता."

गहिनीनाथला कळायला वेळ लागला नाही. लागला असता तर बरं झालं असतं.

"म्हंजी राखंचं काम म्याच करून ठिवलं," तो म्हणाला.

"हो आजोबा."

"मंग त्ये ठिपकं?"

"ते सगळे... धरता येणार नाहीत. कारखान्याने गाळ बसायला नवी टाकी बांधली म्हणून पाण्यात गाळ कमी येतो, असं सरांनी लिहिलं होतं. त्यांना तसंच वाटलं असणार."

"परत कराय लागंल?"

"परत तीन वर्षं लागतील. आणि मुदत जूनपर्यंतच आहे."

तिने जे सांगितलं नव्हतं तेही त्याने विचारलं. "आत त्यो इंग्रजीत काय बोलला गं? खरं सांग."

"म्हणाले, नमुने घेताना मी एकदा तरी टाकीवर उभं राहायला पाहिजे होतं. चूक माझी आहे, वडिलांची नाही. अहवालात त्यांचं नाव लिहू नका, म्हणाले."

गहिनीनाथच्या मनात आलं, उठावं, दार ढकलून आत जावं आणि म्हस्के साहेबांचे पाय धरावेत. म्हणावं, शिक्षा काय ती मला करा. तो उठलाही. पण अजून एकदा त्या हॉलमध्ये उभं राहून बोलायचं, या विचारासरशी तो पुन्हा बाकावर टेकला. पीरमहंमदने आणून ठेवलेल्या चहावर साय धरली होती.

"बाई, तू जा आता," तो आरतीला म्हणाला. "आनि मनाला लावून घिऊ नको. तुजा सवाल बराबर हुता. तुजी नळी खरी हाय, आयकलं का? तसंच आनत जा पानी, बिगर गाळता."

ती जिन्यापर्यंत गेली आणि तिथेच कठड्याला टेकून थांबली.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. आधी पुण्याचे परीक्षक बाहेर पडले आणि कुणाकडे न बघता निघून गेले. मग म्हस्के सर आले. गहिनीनाथपुढे येऊन ते थांबले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेले. सगळ्यांत शेवटी वाल्मिक आला, तोही मागच्या दाराने बाहेर पडून, व्हरांड्याच्या टोकाकडून. तोंड धुऊन आला होता. पुढचे केस ओले, शर्टाची कॉलर ओली. आणि तोंडभर हसू.

"झालं आप्पा," तो म्हणाला. "पास झालो."

गहिनीनाथने त्याच्याकडे बघितलं. तिसरीत असताना पाटी फोडून 'मी नाही' म्हणणारं हेच तोंड होतं. खोटं बोलायचं त्याला तेव्हाही जमत नव्हतं. जिन्यापाशी आरतीने खाली मान घातली.

अरे बाबा, मला सगळं ठाऊक झालंय, असं म्हणायचं गहिनीनाथच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते म्हटल्यावर पोराने काय करायचं होतं? आठ वर्षं गमावून दहा मिनिटांत, नळाखाली तोंड धरून, त्याने बापासाठी एवढं एक हसू गोळा करून आणलं होतं. ते त्याच्या तोंडावरून कसं पुसायचं?

"मंग? म्या म्हनलंच हुतं सकाळी," गहिनीनाथ म्हणाला. "मान हालवत्यात म्हनून."

"तुम्ही सांगितलंत ना, त्यामुळे त्यांची शंका फिटली. थोडं लिहायचं राहिलंय, ते करीन सावकाश."

"कर, कर. घाई नगं करू."

मग वाल्मिकने खिशातून मोबाईल काढला. "आई वाट बघत असेल," म्हणाला आणि नंबर लावला. पलीकडे पहिल्या घंटीलाच उचलला गेला असावा. "आई," एवढंच तो म्हणाला. मग फोन बापाच्या हातात देत तो म्हणाला, "तुम्हीच सांगा आप्पा."

"आरं, बोला की कुनीतरी! काय झालं?" कडूबाई तिकडून ओरडत होती.

"झालं," गहिनीनाथ म्हणाला. "पोरगं पास झालं."

"खरं म्हनता?"

"मंग खोटं सांगतो व्हय? म्या सोता हितं हुतो की."

"आगं बाई माजी! आगं ए मनकर्णा, हिकडं ये, आमचा वाल्मिक डाक्टर झाला!" मग पुन्हा फोनमध्ये, हसत, धापा टाकत, "काय म्हनलं साहेब लोक? आनि तुमाला काय इचारलं का? तुमी बोलला का चार शब्द?"

गहिनीनाथने डोळे मिटून घेतले.

"न्हाई गं," तो म्हणाला. "म्या कशाला बोलतोय? म्या आपला मागं गप बसून हुतो."

हे ऐकलं आणि वाल्मिकच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. बापाला सगळं कळलंय हे त्याला तेव्हा समजलं. तो बाकावर बापाला लागून बसला. फोनमधून चाळीतल्या बायकांचा गलका येत होता, आणि गहिनीनाथ प्रत्येकीला "व्हय, व्हय" म्हणत होता.